पिवळ्या वायरीचं दुसरं टोक

कोल्हार,
८ मे २०२५

नाना, नमस्कार.

आपली भेट झालेली नाही. तुम्ही सप्टेंबरात दूध प्लांटमधून निवृत्त झालात आणि तुमच्या खुर्चीवर नगरचा एक चष्मेवाला येऊन बसला, तो मी. शौनक. खुर्ची तुमच्या मापाची आहे हे मला रोज कळतं. ती वर-खाली करायचा खटका न सापडल्यामुळे आठ महिने मी गुडघे हनुवटीपाशी घेऊन प्लांटचं नेटवर्क सांभाळतो आहे.

तुम्हाला दोनदा फोन केला होता. सूनबाई म्हणाल्या, कॉम्प्रेसरशेजारी तीस वर्षं काढल्यामुळे तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही. शेवटी टेम्पोवाला छगन म्हणाला, "चिठ्ठी द्या साहेब, बेलापूरचं दूध आणायला मी रोज जातोच." म्हणून हे पत्र. कॉलेज सुटल्यानंतर हाताने लिहिलेलं पहिलंच. अक्षरावरून ते ओळखलं असेलच.

मंगळवारी सकाळी सव्वासातला प्लांटचं सगळं नेटवर्क बसलं. दूध उतरवतो त्या डॉकवर काटा वजन दाखवत होता, पण ते कॉम्प्युटरवर येईना. लॅबमधून फॅटचा आकडा येईना, पावती निघेना. दाराशी अकरा गाड्या आणि हे मे महिन्याचं ऊन. ऑफिस, डॉक, लॅब आणि तूप गोदाम अशा चारही ठिकाणी वायरी जिथे एकत्र येतात ते स्विच मी एकेक करून बंद-चालू केले. चारहींवरचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत होते. मला ते दृश्य क्षणभर फार सुंदर वाटलं, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. अडीच तासांनी डॉकच्या पेटीत एक पिवळी वायर खोचलेली दिसली. ती उपसली आणि सगळं सुरू झालं. तोवर नऊशे लिटर दूध नासलं होतं.

ती वायर जादा होती म्हणून मी मार्चमध्ये काढून ठेवली होती. सफाई करणाऱ्या चांगुणाबाईंनी ती परत खोचली, तसं त्यांनी कबूलही केलं. मी अहवालात घडलं ते लिहिलं. मॅनेजर साहेबांनी त्यांना डॉकवर सगळ्यांसमोर सुनावलं आणि कामावरून कमी केलं.

माझा प्रश्न फक्त तांत्रिक आहे. ती पिवळी वायर कुठून कुठे जाते? तुमच्याकडे वायरींचा नकाशा असेल तर छगनजवळ द्यावा.

आपला,
शौनक

ता. क. खुर्चीचा खटका कुठे आहे तेही कळवावं.


बेलापूर,
१० मे

शौनक साहेब, रामराम.

मी बोलतो तसंच लिवतो, सांभाळून घ्या. खुर्चीला खटका न्हाई. २०११ साली तुटला, तवापासून ती तशीच हाय. आमी पन गुडघे वर करूनच नोकरी केली.

आता वायरीचं. ती जादा न्हाई. डॉकवरनं ऑफिसात जायला दोन वाटा हायेत. एक कॉम्प्रेसर रूमच्या पत्र्यावरनं सरळ. दुसरी डॉकवरनं लॅबला आन् लॅबमधनं ऑफिसला. पिवळी वायर म्हंजे डॉक ते लॅब. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हनून ती टाकली.

दोन वाटा एकदम उघड्या राहिल्या तर बातमी गोल फिरत राहती. समजा डॉकवर कुनी वरडलं की छगनची गाडी आली. ते लॅबनं ऐकलं, लॅबनं ऑफिसला सांगितलं, ऑफिसनं परत डॉकला सांगितलं, डॉकला वाटलं दुसरी गाडी आली, ते परत वरडलं. दोन मिन्टांत सगळे नुसते वरडत बसतात आन् काम कुनाचंच होत न्हाई. तुमाला जे दिवे एका तालात दिसले ते हेच वरडनं हुतं.

हे होऊ नये म्हनून डब्यांमदी एसटीपी असतं. मी स्विचला डबाच म्हनतो. एसटीपी दोन वाटांतली एक सोता अडवून धरतं, आन् दुसरी तुटली की अडवलेली मोकळी करतं. ते चालू असंल तर कुनीबी ती वायर खोचू द्या, प्लांट बसत न्हाई. नऊ वर्षं ती खोचलेलीच हुती.

म्हनून मला दोन गोष्टी कळवा. चांगुणा नेमकं काय बोलली, शब्दाला शब्द. आन् चारी डब्यांत एसटीपी चालू हाय का. त्या पिवळ्या वायरीच्या टोकाची पट्टी तुटलेली हाय का, ते पन बघा.

नकाशा सापडत न्हाई. शोधतो.

पुंजाराम


कोल्हार,
१३ मे

नाना,

पत्र मिळालं. तुमचं वरडण्याचं उदाहरण वाचून मला चार वर्षांच्या डिप्लोमापेक्षा जास्त कळलं. डिप्लोमा तीन वर्षांचाच असतो, मला चार लागली.

वायरीच्या टोकाची प्लास्टिकची पट्टी तुटलेली आहे. खोचली तरी पक्की बसत नाही. कॉम्प्रेसरच्या थरथरीने हळूहळू निसटते.

चांगुणाबाईंना मॅनेजर साहेबांनी विचारलं, वायरीला हात का लावला. त्या म्हणाल्या, "खाली लोंबत हुती. खोचली." साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, "कुनी न्हाई."

एसटीपीचं तपासून सांगतो. नकाशा लवकर मिळाला तर बरं.

शौनक


बेलापूर,
१५ मे

शौनक साहेब,

"तपासून सांगतो" हे मी नोकरीत लई वेळा म्हनलं हाय. त्यामुळं त्याचा अर्थ मला म्हाईत हाय. तुमाला कवा सांगायचं तवा सांगा. तवर मी माझं सांगतो.

"कुनी न्हाई" हे खोटं हाय. मी सांगितलं हुतं.

त्या वायरीची पट्टी माझ्याच हातनं तुटली, लावताना. नवीन टोक लावायला पाच मिन्टं लागतात. उद्या लावू म्हनलं. मग परवा. वायर आठवड्यातनं एकदा निसटून खाली पडायची. चांगुणा रोज सकाळी ती पेटी पुसायची, म्हनून तिला दाखवून ठेवलं की बाई, ही पिवळी खाली दिसली की या मोकळ्या भोकात खोचत जा, मला हाक मारू नको. ती नऊ वर्षं खोचत हुती. लोक मला म्हनायचे, नाना, तुमचं नेटवर्क कधी बंद पडत न्हाई. मी मान हलवायचो. अर्धं नेटवर्क तिच्या फडक्यावर चाललं हुतं.

तिनं त्या दिवशी माझं नाव का घेतलं न्हाई, ह्याचा विचार करून दोन दिस जेवन गेलं न्हाई. सूनबाईला वाटलं पित्त झालं. तिनं कोकम दिलं.

आता नकाशा. तो हरवलेला न्हाई. निरोपाच्या दिवशी मी शाल घेतली, नारळ घेतला, आन् नकाशा खिशात घालून घरी आलो. मनात म्हनलं, हे पोरगं आडंल. मग जीप येईल, नाना चला म्हनतील. मग मी जरा थांबून, चहा पिऊन, उठंन. आठ महिने कुनी आलं न्हाई. तुमी आडलाच न्हाई, आन् आडला ते असे आडला. नकाशा ह्या पाकिटात हाय. घड्या जुन्या हायेत, सांभाळून उघडा.

मी मॅनेजरला लिवतो. पन गेलेल्या मानसाच्या कागदाला किंमत किती असती ते मला ठावं हाय. आत तुमी हाये.

पुंजाराम


कोल्हार,
२ जून

नाना,

अठरा दिवस उत्तर दिलं नाही. छगन रोज विचारायचा, "चिठ्ठी न्हाई का?" मी म्हणायचो, काम फार आहे. काम काही नव्हतं.

एसटीपी मी बंद केलं होतं. मार्चमध्ये.

डॉकवरचे लोक म्हणायचे की सकाळी कॉम्प्युटर चालू केला की नेटवर्क मिळायला अर्धं मिनिट लागतं. मला काहीतरी करून दाखवायचंच होतं. शोधलं तर कळलं की ते अर्धं मिनिट एसटीपी घेतं, वाट सुरक्षित आहे ना ते पाहायला. मी चारही स्विचमधली तुमची सगळी सेटिंग पुसली, नवी मांडली, एसटीपी बंद केलं, आणि ते बंद करता यावं म्हणून पिवळी वायर डॉकच्या बाजूने काढून पेटीमागे गुंडाळून ठेवली; मे महिन्यात थरथरीने ते वेटोळं सुटून खाली आलं असणार. दुसरं टोक कुठे आहे ते शोधलंच नाही, ते तसंच जोडलेलं राहिलं. एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी 'अर्ध्या मिनिटाची बचत' या विषयावर बारा मिनिटं बोललो. मला बुके मिळाला. त्याचा फोटो माझ्या आईच्या मोबाईलवर अजून आहे.

चांगुणाबाईंनी वायर खोचली तेव्हा ती खोचण्यानं काही बिघडू नये याची व्यवस्था मी स्वतः काढून टाकलेली होती. आणि हे मला पिवळी वायर हातात धरून उभा असतानाच कळलं होतं, नाना. नंतर नाही. त्याच वेळी. तरी अहवालात मी 'अनधिकृत छेडछाड' असं लिहिलं. शब्द चांगला वाटला.

तुमचं पत्र आल्यावर मी मॅनेजर साहेबांना पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'एसटीपी बंद असल्याचे आढळून आले.' जणू मी तिथून जाता जाता ते मला सापडलं. दुसऱ्यात, 'एसटीपी बंद करण्यात आले होते.' तिसऱ्यात, 'तत्कालीन गरजेनुसार.' चार खर्डे झाले आणि एकाही खर्ड्यात मी नाही. मराठीत माणूस इतका सहज गायब होऊ शकतो हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

पत्र अजून दिलेलं नाही.

काल रविवारी एसटीपी परत चालू केलं, पिवळी वायर खोचली. प्लांट बसला नाही. पण आज दिवसभरात चार वेळा डॉकच्या पावत्या अर्धा-पाऊण मिनिट थांबल्या. असं का होतं ते कळत नाही. नकाशा समोर आहे. त्यात तुम्ही ऑफिसच्या स्विचवर लाल पेनाने '४०९६' लिहिलं आहे, ते काय?

शौनक


बेलापूर,
५ जून

शौनक,

साहेब लिवत न्हाई आता, राग मानू नका.

आधी कामाचं. डबे आपसात एक मुखिया निवडतात आन् तिथनं वाटा मोजतात. प्रत्येकाला एक नंबर असतो, ज्याचा लहान तो मुखिया. तुमी सेटिंग पुसली तवा सगळ्यांचा नंबर सारखा झाला. सारखा असला की मग कारखान्यातनं आलेला क्रमांक बघतात, आन् तो बहुतेक सगळ्यात जुन्या डब्याचा लहान असतो. म्हंजे तुमचा मुखिया झाला तूप गोदामातला म्हातारा डबा. तो लॅबला जोडलेला हाय. त्यामुळं डॉकचं सगळं काम आता पिवळ्या वायरीवरनं चाललंय आन् पत्र्यावरची चांगली वाट अडवलेली हाय. पिवळी थरथरीनं जरा सैल झाली, अगदी खाली पडली न्हाई तरी, दुसरी उघडंपर्यंत पावत्या थांबतात. कुनी नेमला न्हाई तर सगळ्यात जुनं खोड मुखिया होतं, हे आपल्या सोसायटीत पन असंच हाय.

ऑफिसच्या डब्याला ४०९६ द्या, डॉकला ८१९२. बाकीचे राहू द्या. आन् तुमचं ते अर्धं मिनिट. ज्या भोकात नुसता कॉम्प्युटर हाय त्या भोकावर पोर्टफास्ट लावा, म्हंजे ते थांबत न्हाई. सोबत पहारा लावा, म्हंजे चुकून तिथं दुसरा डबा जोडला तर भोक सोता बंद होतं. डब्याडब्यांमधल्या वायरींना पोर्टफास्ट लावायचं न्हाई. एवढंच हुतं. बुके मिळाला नसता, पन झालं असतं.

आता दुसरं. मी काल चांगुणाला भेटलो. ती राहात्याला पेरूच्या पॅकिंगला जाती. मी एसटीनं गेलो. शेडमदी पंधरा-वीस बाया पेरू निवडत हुत्या. मी तिच्याजवळ बसलो आन् म्हनलं, बाई, चूक माझी हाय, तुला मी सांगितलं हुतं. मला वाटलं मी हळू बोलतोय. मला सोताचं ऐकू येत न्हाई. सगळी शेड थांबली. मालक आतनं बाहेर आला. त्याला वाटलं भांडन लागलं.

ती माझ्या कानाशी आली आन् म्हनाली, "नाना, म्हाईत हाय मला. बसा. पानी घ्या."

मी इचारलं, माझं नाव का घेतलं न्हाई. म्हनाली, "तुमी तिथं नव्हता. नसलेल्या मानसाचं नाव कसं घ्यायचं? त्याला बोलता येत न्हाई."

मी दोन किलो पेरू घेतले. आमच्या घरात पेरू कुनी खात न्हाई.

निघताना म्हनलं, मी मॅनेजरशी बोलू का, परत काम देतील. ती म्हनाली, "काम मला हाय. पन मला डॉकवर बोलले, सगळ्या गाड्यावाल्यांपुढं. ज्यानं लिवलं त्यानं तिथंच सांगावं." एवढंच बोलली आन् पेरू निवडाया लागली.

तुमचे चार खर्डे फाडा. पाचवा लिवताना पयला शब्द 'मी' लिवा, मग बाकीचं आपोआप येतंय. मी माझं पत्र असंच लिवलं. 'मी' लिवल्यावर चहा प्यायलो, मग बाकीचं लिवलं.

पुंजाराम


कोल्हार,
१३ जून

नाना,

पत्र दिलं. सोमवारी. तीन ओळींचं झालं. 'मी मार्चमध्ये चारही स्विचमधील एसटीपी बंद केले. त्यामुळे ६ मे रोजी नेटवर्क बंद पडून दूध नासले. यात चांगुणाबाईंचा दोष नाही.' 'मी' लिहिल्यावर मलाही चहा घ्यावा लागला.

मॅनेजर साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"मग मी त्या बाईला बोललो ते?"

ते खिडकीबाहेर गाड्यांकडे पाहू लागले. मला वाटलं नोकरी गेली. शेवटी म्हणाले, "मेमो मिळेल तुम्हाला. आणि तिला मी बोलावणं पाठवतो. पण डॉकवर सगळ्यांसमोर उभं तुम्ही राहायचं." तुमचं पत्रही त्यांना मिळालं आहे. ते त्यांनी ड्रॉवरमधून काढून माझ्या पत्राला टाचणीने जोडलं. मेमो दुसऱ्या दिवशी आला. त्यात तुम्ही दिलेल्या सेटिंगची लेखी नोंद ठेवण्याचा हुकूम आहे, त्याप्रमाणे वही घातली आहे. पावत्या आता थांबत नाहीत, आणि कॉम्प्युटर लगेच उठतात. बुके कुणी दिला नाही.

चांगुणाबाई काल आल्या. सकाळी आठला, सगळ्या गाड्या असताना. मी मुद्दाम पिवळी वायर काढून ठेवली होती. डॉकवर उभा राहिलो आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. तिसऱ्या वाक्याला मागून एक गाडीवाला म्हणाला, "साहेब, ऐकू येईना." कॉम्प्रेसर चालू होता. मग पहिल्यापासून सगळं ओरडून सांगावं लागलं. स्वतःची चूक ओरडून सांगताना माणूस फार सभ्य दिसत नाही. माझा चष्मा घामाने दोनदा घसरला. छगन टेम्पोच्या फाळक्यावर बसून ऐकत होता. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा कायम ऋणी आहे.

मग मी वायर पुढे केली. म्हटलं, बाई, तुम्ही खोचा. काही होणार नाही.

त्या म्हणाल्या, "आन् झालं तर?"

"तर मी केलं असं लिहीन."

"कुठं लिवनार?"

मी खिशातून वही काढून दाखवली. त्यांनी ती पाहिली, पदराला हात पुसले आणि वायर खोचली. काट्यावर छगनचं दूध होतं. दिवा नारिंगी झाला. एक पावती निघाली. दुसरी निघाली. अर्ध्या मिनिटाने दिवा हिरवा झाला. लॅबकडच्या टोकाने आपली वाट अडवून धरली होती. तिसरी पावती निघाली तेव्हा लॅबच्या खिडकीतून कुणीतरी फॅटचा आकडा आला म्हणून सांगितलं, आणि लोक आपापल्या कॅनकडे वळले.

चांगुणाबाई अजून दिव्याकडे पाहत होत्या. "आता कुनीबी खोचली तरी चालतंय?"

"हो."

"मग आधी पन असंच हुतं ना?"

"हो. आधीही असंच होतं."

त्यांनी मान हलवली. मॅनेजर साहेबांनी बाहेर येऊन हात जोडले आणि सोमवारपासून या म्हणाले. त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब. शेडमदी बसून काम हाय. पाठ दुखत न्हाई." साहेबांनी पुन्हा आग्रह केला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. मला वाटत होतं की त्या परत येतील आणि मग माझं सगळं फिटेल. तसं काही त्यांच्या मनात नव्हतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो कागद तेवढा द्या. तुमी लिवलेला. झेरॉक्स चालंल."

मी झेरॉक्स आणली. म्हणाल्या, वाचा. वाचली. म्हणाल्या, परत वाचा. शेवटच्या ओळीला त्यांनी थांबवलं.

"चांगुणाबाई कोन? कोल्हारात चार हायेत. पूर्ण नाव लिवा."

पहिल्या अहवालात मी तेवढंही लिहिलं नव्हतं, नाना. तिथे 'सफाई कामगार महिला' होतं. मी पेन काढून वर लिहिलं, चांगुणा ज्ञानेश्वर म्हसे. मूळ प्रतीवरही लिहिलं. दोन्ही ठिकाणी सही केली. त्यांनी ते नाव बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचलं, कागदाची घडी घातली, आणि राहात्याची पावणेदहाची एसटी गाठायची म्हणून लगबगीने निघाल्या.

आपला,
शौनक